हयातीचा दाखला

माझ्या पोटात काहीतरी आहे, ही बातमी माझ्या आधी बाहेर फुटण्याची ही काही पहिली खेप नव्हती. लग्नानंतरच्या सात वर्षांत ती निदान दहा-अकरा वेळा फुटली, आणि दरवेळी पोटात होतं ते फक्त जेवण. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या सत्यनारायणाला, भाजीवालीपाशी, कुणीतरी आधी माझ्या पोटाकडे आणि मग तोंडाकडे बघायचं आणि आवाज खाली आणून विचारायचं, "काय गं, काही विशेष?" विशेष काही नसायचं. असलीच तर आदल्या रात्रीची बासुंदी.

जाड बाईचं पोट तिच्या एकटीच्या नावावर नसतं. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा एक रकाना असतो ना, त्यात सासर, माहेर, शेजारपाजार आणि ब्लाऊज शिवणारा मास्तर अशी सगळ्यांची नावं लागलेली असतात. जो तो येऊन आपापल्या बांधावरून बघून जातो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंबिवली फास्ट, लेडीज डबा. तीन जणींच्या बाकावर चौथीने टेकायचं हा लोकलचा अलिखित कायदा. माझ्या बाकावर तो चालत नाही, कारण मी बसले की तिसरीच चौथी होते. त्या संध्याकाळी मी उभी होते. एक कोवळी मुलगी माझ्याकडे, म्हणजे कुठे ते कळलंच असेल, बघून उठली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही बसा ना." ती का उठली ते मला लख्ख कळलं. सांगायला हवं होतं. पण टाच ठणकत होती आणि अजून घाटकोपरसुद्धा आलं नव्हतं. मी बसले. नुसती बसले नाही, तर बसताना एक हात कमरेवर आणि एक पोटावर ठेवून "आई गं" असंही म्हटलं. मुलुंडच्या आसपास तिने लाजत विचारलं, "कितवा?" मी म्हटलं, "पाचवा."

वर कुठेतरी याची नोंद झाली असणार. कारण खरोखरीचा पाचवा लागला, तेव्हा अख्ख्या महिन्यात एकही बाई माझ्यासाठी उठली नाही. त्यांचीही चूक नाही म्हणा. बघणाऱ्यांच्या हिशेबाने माझं पोट सात वर्षं पाचव्या महिन्यातच होतं.

खरोखरीचे दिवस गेले ते आषाढात. श्रावण उलट्यांत गेला. गणपतीत मोदकाच्या उकडीचा वास आला की मी मोरीकडे पळायचे. आणि ही ती बाई, जिने एकवीस मोदकांचा नैवेद्य देवाशी निम्मा-निम्मा वाटून घेतलेला आहे. तीन किलो वजन उतरलं. मी बँकेत कॅशिअर. शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीने एक दिवस मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "काय मस्त मेंटेन केलंयस गं! काय करतेस सध्या?" मी म्हटलं, "काही नाही, रोज सकाळी उठून ओकते." तिला तो नवा डाएट वाटला. वेळ काय आणि किती दिवस, असं विचारत होती.

डॉक्टरबाईंकडे पहिल्या दिवशी उंची भरली 158 सेंटिमीटर आणि वजन 83 किलो. त्यांनी फोनवर भागाकार केला आणि उत्तर आलं 33. दहावीला 33 मिळाले तर दोन मार्कांनी नापास करतात. इथे 33 मिळाले तर जास्त झाले म्हणतात. आपल्या लोकांत 25 पासूनच लठ्ठपणा धरतात, म्हणजे मी वेस ओलांडून पार पुढच्या गावात. हा भागाकार मांडला अदॉल्फ केटले नावाच्या एका बेल्जियन गृहस्थाने, 1830 च्या दशकात. आता गंमत अशी, की हा केटले डॉक्टर नव्हताच. तो खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. आकाशातले गोल मोजता मोजता त्याची नजर जमिनीवरच्या गोलांकडे वळली असणार. पुढे 1972 मध्ये अमेरिकेत अ‍ॅन्सेल कीज यांनी त्याला बीएमआय हे नाव दिलं आणि तो भागाकार डोंबिवलीपर्यंत माझ्या मागावर आला.

"साधारण बाईचं नऊ महिन्यांत 11 ते 16 किलो वाढलं तरी चालतं," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही 5 ते 9 मध्ये भागवायचं." शेजारी बसलेल्या सासूबाईंनी मान डोलावली. त्यांच्या पिशवीत त्या क्षणी माझ्यासाठी केलेले डिंकाचे लाडू होते.

मला खरं विचारायचं होतं ते वेगळंच. "बाळ हललेलं कधी कळेल?"

"हलायला लागलंय ते कधीच. सातव्या-आठव्या आठवड्यापासून हलतं. तुम्हाला कळायला वेळ लागेल. पहिलटकरणीला 18 ते 20 आठवडे, कधी बावीसही."

घरी येताना रिक्षात सासूबाई हळूच म्हणाल्या, "भरल्या अंगाला जरा उशिराच कळतं म्हणे." या 'म्हणे'ला ना आई ना बाप, पण मुक्काम कायमचा. तो आमच्या घरी उतरला तो पाचव्या महिन्यापर्यंत हलला नाही. बाळासारखाच.

पहिली हालचाल म्हणजे नेमकं काय वाटतं, हे मी ज्यांना ज्यांना पोरं आहेत त्या सगळ्यांना विचारलं. आई म्हणाली, माशाने शेपूट मारल्यासारखं. सासूबाई म्हणाल्या, तव्यावरची पोळी फुगते ना, तसं आतून उचललं जातं. वाईची आत्या म्हणाली, "कसलं काय, मला शेतात धसकटं वेचता वेचता वाटलं मुंग्या चढल्या, झटकायला लागले तर पोट!" ऑफिसातली एक फुलपाखरू म्हणाली. फुलपाखरू ही उपमा मला सगळीकडे भेटली. पण मी आयुष्यात सुरणापासून शेवयांच्या खिरीपर्यंत सगळं गिळलंय, फुलपाखरू तेवढं राहून गेलंय, तेव्हा तुलना कशाशी करणार? आणि अभिमन्यूची गोष्ट सांगणारे सगळे कीर्तनकार सुभद्रेला झोप कुठल्या क्षणी लागली ते अगदी तिच्या उशाशी बसल्यासारखं सांगतात. तिला आधी फडफड वाटली की गुडगुड, हे एकानेही कधी सांगितलं नाही. त्या पोराला व्यूह ऐकू येत होता. आईला पोरगा ऐकू येत होता का, हे विचारायचं कुणाला सुचलं नसावं.

नवऱ्याने फोनमध्ये एक अ‍ॅप घेतलं. ते दर आठवड्याला बाळाचं माप फळभाजीत सांगतं. लिंबू झालं, पेर झालं, आणि कार्तिकी एकादशीच्या सकाळी नेमकं त्याने जाहीर केलं की बाळ आता रताळ्याएवढं आहे. सासूबाईंनी रताळ्याचा कीस पुढ्यात ठेवला होता. मी बशीकडे बघितलं, बशीने माझ्याकडे. उपास मोडून भात खाल्ला. आमच्या घरात एकादशीला भात खाल्ल्याचं कारण 'बाळाच्या मायेपोटी' असं पहिल्यांदाच लागलं असेल.

त्याआधी दिवाळी होऊन गेली होती, आणि दिवाळीने घोटाळा वाढवला. माझ्या पोटाला स्वतःचं असं एक आयुष्य आहे. ते बोलतं, कुरकुरतं, मध्यरात्री सामान सरकवल्यासारखे आवाज काढतं. त्यात सात दिवस चकली, चिवडा आणि शंकरपाळे. आता आत जे काही व्हायचं ते बाळ की बेसन, हे ठरवायचं कसं? लक्ष्मीपूजनाच्या रात्री डाव्या बाजूला काहीतरी सळसळलं. मी नवऱ्याला गदागदा हलवून उठवलं. त्याने हात ठेवला, श्वास धरला, डोळे मिटले. दोन मिनिटांनी त्या पोटातून असा काही दीर्घ, गंभीर, षड्जापासून खालच्या निषादापर्यंत उतरणारा सूर निघाला, की तो म्हणाला, "बाळाचा आवाज तुझ्या बाबांवर गेलाय." पहाटे ओव्याचं पाणी घेतल्यावर ते बाळ गेलं.

असं चार वेळा झालं. चार वेळा घरभर फोन गेले आणि चारही वेळा ओव्याने मात केली. पाचव्या वेळेपासून मी कुणाला सांगायचं बंद केलं.

माझा राग खरं तर याचाच होता. रोज शेकड्याने नोटा माझ्या अंगठ्याखालून जातात. खोटी नोट मला डोळ्यांआधी बोटांना कळते. कागदच वेगळा बोलतो, मग उजेडाला धरून धागा आणि वॉटरमार्क बघायचा तो समोरच्याची समजूत पटावी म्हणून. शाखेत काही शंका आली की नोट माझ्याकडे येते. आणि इथे माझ्याच पोटात, माझ्याच रक्तामांसाचं काहीतरी फिरतंय, ते मला ओळखता येत नाही? सात वर्षं सगळ्या जगाला माझ्या पोटातलं माझ्याआधी कळत होतं, आणि आता पहिल्यांदाच असं काही घडणार होतं जे फक्त मलाच कळू शकतं, तर मीच कच्ची निघाले.

एकोणिसाव्या आठवड्यात मोठी सोनोग्राफी. दारावर कायद्याने लावलेली पाटी होती, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. आत गेल्यावर माझ्यापुरती आणखी एक पाटी लावायला हवी होती, येथे काहीच दिसत नाही. सोनोग्राफी करणारे डॉक्टर तरुण आणि सभ्य होते; गार जेल ओतून ते पोटावर यंत्र फिरवू लागले, मग दाबू लागले, मग अक्षरशः कणीक तिंबावी तसे रेटू लागले.

"जरा थर आहे ना, त्यामुळे चित्र धूसर येतं," ते म्हणाले. जणू धुक्यातून लोणावळ्याची दरी बघतायत. "कुशीवर वळा. नाही, दुसऱ्या. आता पोट जरा वर उचलून धरता?"

मी माझं पोट दोन्ही हातांनी उचलून धरलं. बाईने आयुष्यात बरीच ओझी उचलायची असतात, पण हे जरा अतीच झालं. खालच्या फटीतून डॉक्टरांनी यंत्र आत सारलं आणि तेवढ्यात बाळाने आमच्याकडे पाठ फिरवली.

"काहीतरी गोड खाऊन या, अर्धा तास चाला, मग बघू."

83 किलोच्या बाईला डॉक्टरने गोड खायला सांगितल्याची ही तालुक्यातली पहिलीच घटना असावी. मी पुरावा म्हणून नवऱ्याला साक्षीला ठेवलं आणि खालच्या दुकानात एक पेढा खाल्ला. दुसरा खाल्ला तो शास्त्रात दुसरं मत घ्यावं म्हणतात म्हणून.

परत गेल्यावर पडद्यावर ते दिसलं. दिसलं म्हणजे काय, कोळशाच्या पाटीवर कुणी ओल्या बोटाने रेघा ओढाव्यात तसं. पण ते हात झाडत होतं, पाय दुमडत होतं, लांब करत होतं. एकदा तर सरळ पायाने भिंतीला ढोसलं. पडद्यावर! आणि मला? काही नाही. शपथेवर सांगते, काही म्हणजे काही नाही. माझ्याच घरात वरच्या मजल्यावर कुणी फुगडी घालतंय आणि मी खाली मोबाईलवर त्याचा व्हिडिओ बघतेय, अशी ती तऱ्हा होती.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "सगळं छान आहे. तीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर वजन आहे. फक्त वार पुढे आहे."

मी म्हटलं, "चालेल की. बुधवार ठेवा."

त्या बघतच राहिल्या. मग हसत सुटल्या, इतक्या की बाहेरची नर्स डोकावून गेली. "अहो, तो वार नाही! वार! बाळाची वार! ती तुमच्या पोटाच्या पुढच्या बाजूला चिकटलीय. बाळ आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये गादी घातल्यासारखी. ते बिचारं लाथा मारतंय, पण सगळ्या त्या गादीवर जातायत."

"म्हणजे माझ्या जाडीमुळे नाही?"

"कुणाला थोडाफार फरक पडतही असेल. पण विचार करा ना, चरबी बाहेरच्या बाजूला, बाळ आत. ते आतून ढोसणार, तुम्हीही आतूनच ऐकणार. बाहेर हात लावून बसलेल्या तुमच्या मिस्टरांना मात्र थांबावं लागेल." मग जरा गंभीर होऊन त्यांनी सांगितलं, की 24 आठवडे झाले आणि तरी काही जाणवलं नाही, तर वाट बघत बसायचं नाही, सरळ यायचं. आणि एकदा नीट जाणवायला लागल्यावर कधी कमी वाटलं, तर त्याच दिवशी. 'म्हणे' ऐकत घरी थांबायचं नाही. सासूबाई छताकडे बघत होत्या.

त्या संध्याकाळी मी खूप वर्षांनी माझ्या पोटाची मनातल्या मनात माफी मागितली. नऊवारीपासून लोकलच्या चौथ्या सीटपर्यंत सगळ्याचा दोष त्याच्यावर टाकायची सवय लागलेली. यावेळी बिचाऱ्याचा हात नव्हता.

आता नोव्हेंबर. बँकेत ज्याने काम केलंय त्याला नोव्हेंबर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पेन्शनरांनी या महिन्यात हयातीचा दाखला द्यायचा असतो, आपण अजून जिवंत आहोत असा. ऐंशीच्या पुढच्यांना केंद्र सरकारने ऑक्टोबरपासून सवलत ठेवलीय, पण ती मंडळी मुद्दाम नोव्हेंबरातच येतात, ओळखीचे भेटतात म्हणून. कोण आलं, कोण आलं नाही, हे बघायचं असतं. मॅनेजरसाहेबांना माझी बातमी कळली होती, त्यामुळे कॅश केबिनमधून काढून त्यांनी मला दाखल्यांच्या टेबलावर बसवलं. तिथली खुर्ची बिनहातांची होती. त्यांच्या हे लक्षात आलं होतं की योगायोग होता, मी विचारलं नाही.

2014 पासून हा दाखला यंत्रावरही देता येतो, अंगठा लावून. पण म्हाताऱ्यांचे अंगठे झिजलेले असतात. त्या दिवशी माझ्यासमोर एक निवृत्त गुरुजी होते, वय 82, सोबत आजी. गुरुजींनी अंगठा ठेवला, यंत्राने नाही म्हटलं. आजींनी पदराने अंगठा पुसला. नाही. ओल्या स्पंजवर टेकवून बघितला. नाही. दुसरा हात, तर्जनी, मधलं बोट, सगळी हजेरी झाली. यंत्राच्या मते गुरुजी नव्हते.

"चाळीस वर्षं खडू धरला हो," ते मला समजावून सांगू लागले, "रेषा सगळ्या फळ्यावर गेल्या." मग जरा तापून म्हणाले, "पण मी समोर बसलोय ना तुमच्या! बोलतोय! आणखी काय करू जिवंत असायला?"

मला एकदम आठवड्याभरापूर्वीचं ते टेबल आठवलं. जेल, धूसर चित्र, कुशीवर वळा, दुसऱ्या कुशीवर वळा. यंत्राला न दिसलेला माणूस मी आत बाळगून होते, आणि तोही बहुतेक असाच वैतागून ढोसत असेल, की बाई, आहे ना मी.

"थांबा गुरुजी," मी म्हटलं, "आता चेहऱ्यावरूनही होतं." फोन त्यांच्यासमोर धरला, चौकटीत चेहरा बसवला. "आता डोळे मिचकवा."

"काय करू?"

"डोळे. मिचकवा."

गुरुजींनी मागच्या रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आजींकडे. "अगं, या वयात? चारचौघांत?"

"मिचकवा हो," आजी म्हणाल्या, "मी काही म्हणत नाही."

गुरुजींनी चष्मा काढला, मान ताठ केली आणि डोळे मिचकावले. एकदा. दोनदा. फोनवर हिरवी खूण आली.

आणि त्याच वेळी बेंबीच्या जरा खाली, डावीकडे, काहीतरी लवलं.

डोळा लवतो ना आपला, पापणी आपसूक फडफडते, आपण थांबवू म्हटलं तरी थांबत नाही, तसं. मासा नाही, पोळी नाही, फुलपाखरू तर नाहीच. पोटाचा डोळा लवला. मी पुतळ्यासारखी बसले. चिवडा दिवाळीबरोबर संपला होता, सकाळी फक्त उपमा. पुन्हा लवलं. आता सवयीने बोटं आपोआप चालू झाली, जशी पुडक्यात शंभरावी नोट येते तेव्हा होतात; कागद तपासला, धागा तपासला. तिसऱ्यांदा लवलं, आणि यावेळी त्यात सरळ एक ढुशी होती, गादीची कड चुकवून कुठून तरी दिलेली.

खरी. उजेडाला धरायचीसुद्धा गरज नव्हती.

"काय झालं?" गुरुजी काळजीने पुढे वाकले. "नेटवर्क गेलं का?"

"नाही गुरुजी," मी म्हटलं, "आत्ताच आलं."

ते फोनकडे बघायला लागले. आजींनी नाही बघितलं. त्यांची नजर टेबलाच्या कडेवरून खाली माझ्या हातावर गेली होती, तो कधी पोटावर गेला ते मलाही कळलं नव्हतं. त्या काही क्षण तशाच बघत राहिल्या आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "कितवा?"

"पाचवा."

"पहिलाच?"

मान हलवली. पुढे बोलता येईना. आजींनी पिशवीत हात घालून खडीसाखरेचा एक खडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली. डॉक्टरबाईंचे 5 ते 9 किलो तेवढ्यापुरते बाजूला ठेवून मी तो तोंडात टाकला. आत पुन्हा एकदा काहीतरी लवलं. गोडाचं खाल्लं की हे जागं होतं, घराण्याचं वळण.

एवढ्यात रांगेतून मागून कुणाचा तरी खणखणीत आवाज आला, "ओ मॅडम, आमच्याकडेपण बघा जरा! आम्हीपण जिवंत आहोत!"